नोंदवहीतील दुवा आणि न उघडणारी फाइल

ग्रामपंचायती, पंचायत समित्या आणि शाळा यांच्या दप्तरातील कितीतरी नोंदवह्या आता संगणकावर आल्या आहेत. आवक-जावक, ग्रामसभेचे ठराव, बांधकामांची अंदाजपत्रके, विद्यार्थ्यांचे दाखले यांच्या याद्या बहुधा एक्सेल किंवा तत्सम स्प्रेडशीटमध्ये ठेवल्या जातात. अशा यादीच्या अखेरच्या रकान्यात निळ्या, अधोरेखित अक्षरांत ‘कागद पाहा’ असे लिहिलेले असते. त्यावर टिचकी मारली की मूळ कागदाची प्रत पडद्यावर यावी, अशी ही योजना. ती सोपी आहे आणि उपयुक्तही आहे. तथापि काही महिन्यांतच तक्रारी सुरू होतात. ठरावाची प्रत उघडते, पण त्याच कामाचा नकाशा उघडत नाही. काल उघडलेले छायाचित्र आज उघडत नाही. आणि शेजारच्या टेबलावरील संगणकावर तर निम्मे दुवे निकामी ठरतात.

ही केवळ गैरसोयीची बाब नव्हे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचिबद्ध करून ठेवावयाचे आहेत, आणि संगणकावर आणण्याजोगे अभिलेख साधनसामग्रीच्या उपलब्धतेनुसार संगणकावर आणावयाचे आहेत. माहितीच्या अर्जावर सर्वसाधारणपणे तीस दिवसांच्या आत निर्णय द्यावा लागतो. एखाद्या शेतकऱ्याने आपल्या घराच्या नोंदीचा उतारा मागितला, दुवा उघडला नाही, आणि लिपिकाने प्रामाणिकपणे ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे लिहून दिले, तर ती फाइल त्याच संगणकाच्या पोटात सुखरूप असूनही नागरिकाच्या दृष्टीने गहाळच झालेली असते. म्हणून दुवा का उघडत नाही, हे ओळखण्याची रीत दप्तर सांभाळणाऱ्या प्रत्येकास माहीत असणे अगत्याचे आहे. त्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही.

दुवा म्हणजे पत्ता, वस्तू नव्हे

स्प्रेडशीटची कल्पना प्रथम बाजारात रुजविली ती १९७९ मध्ये आलेल्या ‘व्हिजिकॅल्क’ या कार्यक्रमाने. ‘एक्सेल’ १९८५ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी आणि १९८७ मध्ये विंडोजसाठी निघाले; त्याच्या चौकटीत दुवा घालण्याची सोय ‘एक्सेल ९७’ या आवृत्तीपासून मिळाली. म्हणजे मुळात हे आकडेमोडीचे साधन. कागदपत्रांची सूची ठेवण्याचे काम आपण त्याच्याकडे मागाहून सोपविले, हे त्याच्या काही विक्षिप्त सवयींचा विचार करताना लक्षात ठेवलेले बरे.

चौकटीत दुवा घातला म्हणजे फाइल नोंदवहीत येऊन बसते, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः चौकटीत राहतो तो केवळ पत्ता: कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या फोल्डरात, कोणत्या नावाची फाइल. टिचकी मारताच एक्सेल तो पत्ता विंडोजच्या स्वाधीन करते. विंडोज त्या ठिकाणी फाइल आहे काय ते पाहते. मग फाइलच्या नावातील शेवटच्या टिंबानंतरची अक्षरे, म्हणजे तिचा प्रकारदर्शक प्रत्यय, वाचते. त्या प्रत्ययासाठी कोणता कार्यक्रम नेमलेला आहे ते आपल्या नोंदणीत शोधते आणि फाइल त्या कार्यक्रमाकडे पाठविते. जावक लिपिकाने पाकिटावर पत्ता लिहावा, शिपायाने ते पोहोचवावे आणि ज्याच्या नावाचे आहे त्याने ते फोडावे, तसाच हा प्रवास आहे. पाकीट कोठे अडले याचा तपास न करता बहुतेक कार्यालयांत प्रथम एक्सेल काढून पुन्हा बसविण्यात येते. त्यात अर्धा दिवस जातो आणि दुवा मात्र जेथल्या तेथे राहतो.

पहिली कसोटी

तपासाची सुरुवात एकाच प्रश्नाने करावी. नोंदवही बाजूला ठेवून, ज्या फोल्डरात फाइल आहे तेथे जाऊन तिच्यावर थेट दोनदा टिचकी मारावी. तेथेही ती उघडत नसेल, तर एक्सेलचा काहीएक दोष नाही. फाइल खराब आहे किंवा ती उघडणारा कार्यक्रम त्या संगणकावर नाही. तेथे ती उघडते आणि केवळ दुव्यावरून उघडत नाही, असे असेल तर दोष पत्त्यात आहे किंवा सुरक्षेच्या एखाद्या अटकावात आहे.

दुसरे निरीक्षणही तितकेच उपयोगी आहे. न उघडणारे दुवे एकाच प्रकारच्या फाइलींचे आहेत, की एकाच फोल्डरातील वेगवेगळ्या प्रकारच्या फाइलींचे? सर्व नकाशे अडत असतील तर प्रकाराकडे पाहावे. एका विशिष्ट वर्षाची सर्वच कागदपत्रे अडत असतील तर पत्त्याकडे पाहावे. या दोन कसोट्यांनी बहुतेक तक्रारींचा निम्मा उलगडा होतो.

प्रकारामुळे अडणाऱ्या फाइली

पीडीएफ फाइल आता जवळपास प्रत्येक संगणकावर उघडते, कारण इंटरनेट पाहण्याचे ब्राउझरच ती दाखवू शकतात. पण अभियंत्याकडून येणारा डीडब्ल्यूजी प्रकारचा नकाशा उघडण्यासाठी आरेखनाचा कार्यक्रम किंवा निदान तो दाखविणारा दर्शक कार्यक्रम लागतो. अभियंत्याच्या संगणकावर तो असतो, ग्रामपंचायतीच्या संगणकावर नसतो. म्हणून एकच दुवा तेथे चालतो आणि येथे चालत नाही. आयफोनने काढलेली छायाचित्रे बहुधा एचईआयसी प्रकारात साठविली जातात आणि विंडोजच्या पुष्कळ संगणकांवर वेगळा जोडभाग बसविल्याशिवाय ती दिसत नाहीत. आरएआर किंवा सेव्हन-झेड प्रकारचे गाठोडे विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या स्वतः सोडू शकतात. विंडोज १० ला त्यासाठी निराळा कार्यक्रम लागतो. जुन्या दप्तरात लोटस १-२-३ ची पत्रके सापडली तर एक्सेल २००७ पासून पुढील आवृत्त्या ती उघडतच नाहीत, आणि फार जुन्या एक्सेल फाइलींनाही ‘ट्रस्ट सेंटर’मधील ‘फाइल ब्लॉक सेटिंग्ज’ आडकाठी करू शकतात.

योग्य कार्यक्रम संगणकावर असूनही विंडोजच्या नोंदणीत त्याची नेमणूक झालेली नसेल, तर ती करून देणे सोपे आहे. फाइलवर उजवी टिचकी मारून ‘ओपन विथ’ निवडावे, ‘चूज अनदर ॲप’ मधून कार्यक्रम दाखवावा आणि ‘ऑलवेज’ हा पर्याय निश्चित करावा. यानंतर त्या प्रकारचे सारे दुवे एकदम चालू होतात, कारण दोष शंभर दुव्यांत नव्हता. एका नेमणुकीत होता.

प्रत्ययाबाबत एक गोंधळ फार आढळतो. विंडोज ओळखीचे प्रत्यय मुळात झाकून ठेवते. त्यामुळे पडद्यावर ‘ठराव’ एवढेच नाव दिसते. कोणी दक्षतेने त्यापुढे टिंब व पीडीएफ असे स्वतः लिहितो आणि फाइलला एकामागे एक दोन प्रत्यय लागतात. दुव्यातील पत्त्यात मात्र एकच असतो, म्हणून फाइल ‘सापडत नाही’. फोल्डराच्या ‘व्ह्यू’ यादीतून प्रत्यय दाखविण्याचा पर्याय चालू ठेवावा; दप्तराचे काम करणाऱ्या प्रत्येक संगणकावर ही पहिली व्यवस्था असावयास हवी. याच्या उलट प्रकार म्हणजे केवळ प्रत्यय बदलला की फाइलचा प्रकार बदलतो, हा समज. छायाचित्राच्या नावापुढे पीडीएफ लिहिल्याने त्याचे पीडीएफ होत नाही. अनेक संकेतस्थळांवरून उतरविलेली ‘एक्सएलएस’ पत्रकेसुद्धा आतून साध्या वेबपानाची असतात, आणि ती उघडताना एक्सेल ‘फाइलचे स्वरूप व प्रत्यय जुळत नाहीत’ असा इशारा देते. फाइल खात्रीच्या ठिकाणाहून आली असेल तर ती उघडून खऱ्या एक्सेल प्रकारात पुन्हा जतन करावी. इशारा दररोज बाजूला सारीत राहण्याची सवय चांगली नाही.

कायम जतन करावयाच्या कागदांसाठी मात्र प्रत्येक संगणकावर वेगवेगळे कार्यक्रम बसवीत राहण्यापेक्षा दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. मूळ नकाशा वा छायाचित्र स्वतंत्र फोल्डरात सांभाळावे, त्याची पीडीएफ प्रत काढावी आणि नोंदवहीचा दुवा त्या प्रतीला द्यावा. दीर्घकाळ जतनासाठी पीडीएफ-ए हे स्वरूप २००५ पासून आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य आहे. पुष्कळ कार्यक्रमांत जतन करतानाच तो पर्याय मिळतो.

‘निर्बंधामुळे रद्द’ म्हणजे काय?

एक संदेश विशेष घबराट उडवितो. या संगणकावरील निर्बंधांमुळे ही क्रिया रद्द करण्यात आली आहे, व्यवस्थापकाशी संपर्क साधावा, असा त्याचा आशय असतो. भाषा अगदी शासकीय आदेशासारखी असल्याने वरिष्ठ कार्यालयाने काही बंदी घातली, असे कर्मचाऱ्यांना वाटते आणि पत्रव्यवहार सुरू होतो. प्रत्यक्षात बहुधा कोणीही बंदी घातलेली नसते. पूर्वी वापरात असलेला ब्राउझर कोणी काढून टाकला की वेबपानांच्या प्रत्ययाची नेमणूक अधांतरी राहते, आणि संकेतस्थळांचे दुवे अशा वेळी हा संदेश दाखवितात. सेटिंग्जमधील ‘डिफॉल्ट ॲप्स’ येथे जाऊन चालू ब्राउझरची पुन्हा नेमणूक करावी. तेवढ्याने भागले नाही तर मात्र विंडोजच्या अंतर्गत नोंदणीत दुरुस्ती करावी लागते. ते काम जाणकारावर सोपवावे.

संकेतस्थळाच्या दुव्यांची आणखी एक खोड आहे. असा दुवा दाबला असता तो ब्राउझरकडे देण्यापूर्वी एक्सेल स्वतः त्या पत्त्यावर चौकशी करून येते. संकेतस्थळावर प्रवेशासाठी नाव व परवलीचा शब्द लागत असेल तर एक्सेलला प्रवेश नसल्याने उत्तरादाखल प्रवेशाचे पान मिळते आणि ब्राउझरमध्ये तेच उघडते. वापरणारा आधीच आत गेलेला असला तरी हे घडते. तोच पत्ता ब्राउझरमध्ये चिकटविला की कागद नीट दिसतो. येथे बिघाड नाही, कामाची पद्धतच तशी आहे.

सुरक्षेचे अडथळे मात्र हेतुपुरस्सर घातलेले असतात. दुवा एखाद्या कार्यक्रमाकडे, म्हणजे ईएक्सई वा बॅट प्रकारच्या फाइलकडे नेत असेल तर एक्सेल धोक्याचा इशारा देते आणि लिबरऑफिसच्या नव्या आवृत्त्या तो उघडण्यास नकार देतात. दप्तराच्या नोंदवहीत असा दुवा असण्याचे कारणच नाही. बाहेरून आलेल्या पत्रकात तो आढळला तर उघडू नये. ई-मेलमधून वा इंटरनेटवरून आलेल्या फाइलींवर विंडोज अदृश्य खूण ठेवते, म्हणून त्या प्रथम केवळ वाचण्यापुरत्या उघडतात. २०२२ पासून अशा फाइलींतील मॅक्रोही आपोआप रोखले जातात. पाठविणाऱ्याशी दूरध्वनीवर बोलून खात्री करून घ्यावी, आणि मगच फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’ ही खूण करावी. अडथळा कायमचाच काढून टाकण्याचा सल्ला काही वेळा दिला जातो, तो मानू नये.

पत्ता चुकतो तेथे

फाइल थेट उघडते, दुव्यावरून उघडत नाही, अशा वेळी दुव्यावर उजवी टिचकी मारून ‘एडिट हायपरलिंक’ निवडावे आणि पत्ता डोळ्यांनी वाचावा. पुष्कळदा कारण तेथेच दिसते.

पत्ते दोन प्रकारचे असतात. पूर्ण पत्त्यात ड्राइव्हपासून फाइलपर्यंत सारा मार्ग असतो. सापेक्ष पत्ता नोंदवही जेथे आहे तेथून मोजलेला असतो. शेजारच्या घराचा पत्ता ‘डावीकडचे तिसरे घर’ असा सांगावा तसा. नोंदवही आणि फाइली एकाच ड्राइव्हवर असल्या की एक्सेल सामान्यतः सापेक्ष पत्ता ठेवते. म्हणून नोंदवही एकटीच पेन ड्राइव्हवर घेऊन तालुक्याला गेलेल्या कर्मचाऱ्याचे सारे दुवे तुटतात. नोंदवहीसकट संपूर्ण फोल्डर नेला असता तर ते चालले असते. सर्व्हरवरील फोल्डराला एका संगणकावर ‘झेड’ ड्राइव्ह म्हटले असेल आणि दुसऱ्यावर ‘वाय’, तरी तोच परिणाम होतो. अशा कार्यालयांनी ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा पत्ता वापरावा.

वीज गेल्यानंतर परत मिळविलेल्या नोंदवहीतील सर्व दुवे एकाएकी ‘ॲपडेटा’ नावाच्या, कोणी कधी न पाहिलेल्या फोल्डराकडे वळलेले दिसतात, हा अनुभवही अनेक ठिकाणी येतो. एक्सेलची तात्पुरती प्रत त्या फोल्डरात राहते आणि जतन करताना पत्ते तेथून मोजले जातात, हे त्याचे कारण. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲडव्हान्स्ड’ आणि ‘जनरल’ या क्रमाने जाऊन ‘वेब ऑप्शन्स’मधील ‘अपडेट लिंक्स ऑन सेव्ह’ ही खूण काढून ठेवली म्हणजे हा धोका कमी होतो.

तथापि ज्या नोंदवहीत शेकडो दुवे आहेत तेथे ‘इन्सर्ट’मधून एकेक दुवा घालण्यापेक्षा ‘हायपरलिंक’ हे सूत्र वापरणे केव्हाही श्रेयस्कर. वरच्या एका चौकटीत फोल्डराचा मार्ग लिहावा, एका रकान्यात फाइलींची नावे लिहावीत आणि सूत्राने दोन्ही जोडून दुवा तयार करावा. कार्यालय नव्या इमारतीत गेले, संगणक बदलला, सर्व्हर बदलला, तरी एकच चौकट सुधारली की सारे दुवे मार्गी लागतात. ‘इन्सर्ट’मधून घातलेल्या दुव्यांना ही सोय नाही, ‘फाइंड’ आणि ‘रिप्लेस’ची आज्ञा चौकटीत दिसणारा मजकूर बदलते, आतील पत्त्यास हात लावीत नाही. सूत्रातील पत्ता २५५ अक्षरांपलीकडे जाऊ देऊ नये. फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर अशी रचना असणाऱ्यांना ही मर्यादा लवकर गाठते.

नावातील खोड्या

विंडोजमध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. जावक क्रमांकात ती हटकून असते, म्हणून तिच्याऐवजी कोणी आडवी रेघ देतो, कोणी हॅश चिन्ह (#) देतो. आडव्या रेघेने काही बिघडत नाही. हॅश चिन्हाने मात्र दुवा तुटतो. दुव्यांच्या भाषेत या चिन्हाचा अर्थ ‘येथे फाइलचे नाव संपले, पुढे फाइलमधील ठिकाण आहे’ असा होतो. परिणामी ‘ठराव#१५’ या नावातील ‘ठराव’ एवढीच फाइल शोधली जाते आणि ती अर्थातच सापडत नाही. फोल्डरातून थेट उघडले तर हीच फाइल बिनतक्रार उघडते, म्हणून हा दोष भल्याभल्यांना चकवितो. फोल्डराच्या नावात हे चिन्ह असेल तर त्यातील प्रत्येक फाइलचा दुवा अडतो.

मराठी नावांचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. युनिकोडमध्ये टंकलिखित केलेली देवनागरी नावे आजच्या विंडोजला आणि एक्सेलला चालतात. परंतु डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावे संगणकाला वेगळी असू शकतात. ‘शेतकऱ्यांचे अर्ज’ यातील अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ ला हलन्त व त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह देऊन. वेगवेगळे कळफलक वेगवेगळी रीत वापरतात. पडद्यावर अक्षरे तंतोतंत तीच दिसतात, पण एका लिपिकाने फाइलला दिलेले नाव आणि दुसऱ्याने सूत्रासाठी टंकलिखित केलेले नाव जुळत नाही. दहा वेळा वाचूनही चूक सापडत नाही, कारण ती दिसणारीच नाही. अशा वेळी नाव पुन्हा टंकलिखित करू नये. फाइलचे नाव जेथे आहे तेथूनच उचलून चौकटीत चिकटवावे. युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये लिहिलेली जुनी नावे तर फोल्डरात निरर्थक रोमन अक्षरांसारखी दिसतात. ती बदलून घेतल्याशिवाय त्या अभिलेखांची सूची करणे व्यर्थ आहे.

फाइली इंटरनेटवरील साठ्यात ठेवल्या की लांबीचाही प्रश्न येतो. वेबपत्त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षरासाठी वा चिन्हासाठी नऊ अक्षरांची सांकेतिक मालिका खर्च होते. ‘ग्रामपंचायत’ या शब्दात संगणकाच्या हिशेबाने अकरा अक्षरचिन्हे आहेत. पत्त्यात त्यांची नव्याण्णव होतात. तीन शब्दांचे नाव २५५ ची मर्यादा सहज ओलांडते. यावर साधा उपाय असा की फाइलला केवळ वर्ष व अनुक्रमांक यांचे आटोपशीर नाव द्यावे आणि मराठीतील सविस्तर वर्णन नोंदवहीच्या स्वतंत्र रकान्यात लिहावे. शोधणारा माणूस वर्णन वाचतो, संगणक क्रमांक वाचतो, आणि दोघांचेही काम अडत नाही.

काही कार्यालयांत लिबरऑफिसचे ‘कॅल्क’ वापरले जाते. तेथे दुवा उघडण्यासाठी कंट्रोल कळ दाबून टिचकी मारावी लागते. हे माहीत नसल्यानेच पुष्कळदा दुवा बंद पडल्याची तक्रार होते. नोंदवही मोबाइलवर पाठविली वा गूगल शीट्समध्ये चढविली तर कार्यालयीन संगणकातील फाइलींचे दुवे तेथे चालणार नाहीत, कारण त्या पत्त्याचा ड्राइव्ह तेथे अस्तित्वातच नसतो. फिरतीवर कागद लागणार असतील तर ते कार्यालयाने मान्य केलेल्या ऑनलाइन साठ्यात ठेवून त्या साठ्याचे पत्ते द्यावे लागतील, आणि ते पाहण्याची मुभा कोणाला आहे हेही ठरवावे लागेल.

बदली झालेल्या कर्मचाऱ्याकडून कार्यभार घेताना रोकडवही, शिक्के व किल्ल्या मोजून घेण्याची पद्धत आहे. त्याच बैठकीत संगणकीय नोंदवहीतील प्रत्येक वर्षाचे व प्रत्येक प्रकारच्या फाइलीचे दोन-तीन दुवे, ज्या संगणकावर पुढे काम करावयाचे त्याच संगणकावर, दोघांच्या समक्ष उघडून पाहावेत. जे उघडणार नाहीत त्यांचे अनुक्रमांक कार्यभार यादीत नमूद करावेत. फाइल कोठे ठेवली होती हे सांगू शकणारी व्यक्ती त्या वेळी समोरच बसलेली असते.